वल्हे हाती आल्यापासून

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबात, मुळेच्या संथ पाण्यावर, विद्यार्थिदशेत हाती आलेले वल्हे पुढे उपजीविकेचे साधन होईल, अशी कल्पना घरच्या कोणासही नव्हती. परंतु कॅनडातील ज्या ओंटॅरिओ प्रांतात अनिशिनाबे लोकांनी भूर्जाच्या सालीची हलकी कनू शतकानुशतके वल्हवली, तेथील एका लहानशा कारखान्यात मी रुजू झालो आणि नावा बांधणे, दुरुस्त करणे, विकणे व चालवावयास शिकविणे यांतच माझी हयात गेली.

त्या कारखान्यात सीडरच्या लाकडावर कॅनव्हास ताणलेली कनू होत असे. साचा पालथा मांडलेला असे आणि त्यावर जेथे जेथे फासळी यावयाची, तेथे लोखंडी पट्टी बसविलेली असे. वाफेच्या पेटीतून काढलेली फासळी दोघांनी दोन टोके धरून तत्क्षणी साच्यावर वाकवावी लागे, कारण विलंब झाला की लाकूड आखडून तडकलेच. मग तिच्यावर पातळ फळ्या ठेवून पितळी चुका ठोकावयाच्या. चुकेचे टोक फळी व फासळी भेदून खालच्या पट्टीवर आपटले की उलटे वळून पुन्हा लाकडातच शिरे, आणि साच्यावरून उतरवलेल्या नावेत आतून बोट फिरविले तरी ते बोटाला लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनविणाऱ्या ग्रमन कंपनीने ॲल्युमिनियमची कनू बाजारात आणली होतीच. मग खडकावर चेपली तरी पूर्ववत होणारी, रॉयलेक्स नावाच्या प्लास्टिकची आली, आणि २०१४ साली रॉयलेक्सचे उत्पादन बंदही पडले. आज पॉलिएथिलीनची भुकटी तापल्या साच्यात फिरवून कयाकचे एकसंध कवच घडवितात. या स्थित्यंतराविषयी माझ्या मनात यत्किंचितही आकस नाही, कारण त्यामुळेच सामान्य ऐपतीची माणसे पाण्यावर आली. खंत आहे ती ही की, नावेबरोबर ती चालविण्याची विद्या देण्याची जुनी वहिवाट पुष्कळ दुकानांतून उठली.

कनूत एकट्याने डाव्या बाजूस वल्हे मारले की नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, उजवीकडे वळते. नवखा म्हणूनच घडीघडी बाजू बदलतो आणि मांड्या भिजवून घेतो. जाणता पाते पुढे पाण्यात उतरवितो, धड कंबरेपासून वळवून नाव ओढतो आणि पाते कमरेशी येताच वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पात्याने किंचित बाहेर रेटा देतो. नाळ सरळ राहते. नुसते पाहून हे साधत नाही. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या मुठीवर मूठ ठेवून तो अंगठा वळवावा लागतो.

म्हणून या व्यवसायात नव्याने पडणाऱ्यांस, विशेषतः कोकणच्या खाड्यांत व पवनेच्या जलाशयावर कयाक भाड्याने देणाऱ्या तरुणांस, माझी आग्रहाची विनंती आहे की, गिऱ्हाइकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नीट आवळल्यावर पहिली पंधरा मिनिटे भाड्यात न धरता, त्याला काठालगतच्या उथळ पाण्यात वल्हे धरावयास शिकविण्यात घालवावीत.