रंगाचा रेणू आणि प्रकाशाचा रंग

सुरतेत पांडेसऱ्याला लागून असलेली बमरोली यंत्रमागांसाठी ओळखली जाते. पोटासाठी खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या परिसरात राहतात. येथील मागांवर प्रामुख्याने पॉलिएस्टरसारखे सूत चढते. पॉलिएस्टर हे बहुवारिक, म्हणजे लहान रेणू एकमेकांस जोडून झालेल्या लांब साखळ्या. या साखळ्या पाण्याला जवळ करीत नाहीत. म्हणून असे कापड दाबाखाली, सुमारे १३० अंश सेल्सिअसला रंगवितात. उष्णतेने साखळ्या सैल होतात, रंगाचे रेणू आत शिरतात आणि कापड निवले की तेथेच अडकतात.

याच रंगांच्या कुळातील ‘डिस्पर्स रेड १’ शास्त्रज्ञांनी निराळ्याच कामासाठी उचलला.

काचेतून गेल्याने प्रकाशाचा रंग बदलत नाही, असे शाळेत शिकवितात. दिव्याच्या प्रकाशापुरते ते खरेच आहे. परंतु १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला, तेव्हा निम्म्या तरंगलांबीचा जंबुपार प्रकाशही बाहेर पडला. छायाचित्रावरील त्याचा बारीक ठिपका छापताना डाग समजून पुसला गेला, ही गंमत निराळीच!

असे का व्हावे? भिंतीलगत टांगलेला झोपाळा एका बाजूस मोकळा जातो, दुसऱ्या बाजूस अडतो. ‘डिस्पर्स रेड १’च्या रेणूचे एक टोक इलेक्ट्रॉन देणारे, दुसरे ओढून घेणारे, त्यामुळे प्रखर प्रकाशात इलेक्ट्रॉनांचे झोके असेच एकांगी होतात आणि त्यांत दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश जन्मतो. यालाच अरेषीय गुण म्हणतात. मात्र कापडात हे रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात व एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. लुगडे नुसते लाल दिसते.

१९८६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी हा रंग ॲक्रिलिकच्या पातळ पापुद्र्यात मिसळला, पापुद्रा तापवून त्यावर विद्युत् क्षेत्र लावले आणि ते चालू ठेवूनच तो निववला. बरेचसे रेणू एका दिशेला वळले. अशा पापुद्र्याने विजेचा संदेश प्रकाशावर अतिशय वेगाने चढविता येतो. दूरसंचाराला त्याचीच गरज आहे.

अडचण पुढे येते. पापुद्र्यातील रेणू हळूहळू दिशा विसरतात, आणि उष्णतेत तर लवकरच. रंगाऱ्याला रंग पक्का हवा, येथे दिशा पक्की हवी. म्हणून रंगाचा रेणू साखळीलाच रासायनिक बंधाने जोडतात, किंवा साखळ्या आपसांत बांधतात. हे बांधण्याचे काम मात्र विद्युत् क्षेत्र चालू असतानाच उरकावे लागते.