पाळी सुटल्यावर सूर्य पाहायचा तर

चाकणला किंवा भोसरीला राहून आकाशाची आवड जोपासणाऱ्याला रात्र फारशी साथ देत नाही. कारखान्यांचे आणि महामार्गाचे दिवे मंद तारे गिळून टाकतात. एका ताऱ्याला मात्र या दिव्यांची बाधा नाही, तो म्हणजे सूर्य. रात्रपाळी करून परतल्यावर झोपण्याआधीचा तासभर त्याच्यासाठी उत्तम. म्हणून खास सूर्यासाठी दुर्बीण घ्यायचा विचार इथे अगदी रास्त आहे. ती कशी निवडायची, ते क्रमाने पाहू.

सुरुवात डोळ्यांपासून. आपल्याकडे वेल्डिंगची काच सहज मिळते, आणि ग्रहणात १४ नंबरची काच नुसत्या डोळ्यांसमोर धरली तर चालते. दुर्बिणीला मात्र ती कधीही लावू नका. उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, तर ६० मिलिमीटरचं भिंग निदान ४०० पट प्रकाश गोळा करतं. हा केंद्रित प्रकाश नेत्रिकेजवळची कोणतीही साधी काच तडकवू शकतो. जुन्या दुर्बिणीसोबत नेत्रिकेला लावायचा ‘सन फिल्टर’ आला असेल, तर तो फेकून द्या. साध्या दुर्बिणीसाठी नियम एकच: प्रकाश भिंगात शिरण्याआधीच अडवायचा. शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवायलाही विसरू नका.

आता स्वतःला विचारा, मला सूर्यावर काय पाहायचंय? फक्त डाग पाहायचे असतील, तर वेगळी दुर्बीण लागतच नाही. असलेल्या दुर्बिणीच्या तोंडावर सौर फिल्म घट्ट बसवा. डोळ्यांनी पाहण्याची फिल्म प्रकाशाचा एक लाखावा हिस्साच आत सोडते. फक्त फोटोसाठीची पातळ फिल्म वेगळी असते, ती डोळ्यांसाठी नव्हे. प्रत्येक वेळी फिल्म दिव्यासमोर धरून तिला भोक पडलं नाही ना, ते तपासा.

ज्वाळांच्या कमानी, काळसर तंतू, डागांभोवतीची उलथापालथ पाहायची असेल, तर हायड्रोजन-अल्फा दुर्बीण हवी. हायड्रोजन ६५६.२८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, आणि सूर्याचा वर्णगोल, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागावरचा (दीप्तिगोलावरचा) पातळ थर, त्याच प्रकाशात उठून दिसतो. एरवी दीप्तिगोलाच्या झगझगाटात तो लपलेला असतो. बाकीचे रंग गाळून हा एवढाच रंग पार जाऊ देणाऱ्या भागाला एटॅलॉन म्हणतात. या दुर्बिणीची खरी किंमत त्याचीच.

टूलरूममध्ये काम केलेल्यांना एटॅलॉन समजायला सोपा आहे. स्लिप गेजवर ऑप्टिकल फ्लॅट ठेवून सोडियमच्या दिव्याखाली धरला की काळे-उजळ पट्टे दिसतात. दोन पृष्ठांमधल्या फटीतून परतणारे प्रकाशाचे तरंग कुठे एकमेकांना जोर देतात, कुठे मारतात, म्हणून ते पट्टे. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत फट सुमारे ०.३ मायक्रॉनने बदललेली असते. एटॅलॉनमध्येही अशाच दोन अतिसपाट काचा ठरलेल्या अंतरावर बसवलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये पुन्हापुन्हा परावर्तित होतो, आणि ज्या तरंगलांबी त्या फटीत नेमक्या बसतात त्याच पार जातात. अशा तरंगलांबी अनेक असतात. त्यांतली हायड्रोजनचीच ठेवून बाकीच्या अडवायचं काम पुढचा ब्लॉकिंग फिल्टर करतो.

खरेदी करताना चार गोष्टी विचारा. पहिली, एटॅलॉन पार जाऊ देतो त्या तरंगलांबींची रुंदी. ०.१ नॅनोमीटरच्या आसपास कडेच्या ज्वाळा दिसतात, ०.०७ ला सूर्यबिंबावरचे तंतूही उठून दिसू लागतात. दोन एटॅलॉन एकापुढे एक लावले की रुंदी आणखी कमी होते, पण खर्च वाढतो आणि प्रतिमा मंद होते. दुसरी, ब्लॉकिंग फिल्टरचा व्यास. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण १०९व्या भागाएवढी पडते. ५०० मिलिमीटरला ती ४.६ मिलिमीटर होते, म्हणून ६ मिलिमीटरचा फिल्टर पुरतो. तिसरी, एटॅलॉन जुळवायची सोय: काचा तिरप्या करून की आतला हवेचा दाब बदलून. चौथी, भिंगाचा व्यास.

इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण मोठं ते चांगलं असं आपण धरून चालतो. ६० मिलिमीटरची दुर्बीण सूर्यावरचे सुमारे १,४०० किलोमीटरचे तपशील वेगळे दाखवते. दिवसाची तापलेली हवा याहून बारीक पाहू देते, असे क्षण थोडेच. शेडचे पत्रे, डांबर, सिमेंटची गच्ची यांवरून उठणारी गरम हवा प्रतिमा पाण्यासारखी हलवते. म्हणून आपल्या पट्ट्यात ५० ते ६० मिलिमीटर आणि चांगला एटॅलॉन, हीच जोडी मी सुचवेन. गच्चीपेक्षा गवत किंवा झाडी बरी. सूर्य थोडा वर आल्यावर, साडेआठ ते दहाच्या दरम्यान पाहा. जमीन तापली की आवरतं घ्या.

हायड्रोजनऐवजी कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्य दाखवणारी दुर्बीण ३९३.४ नॅनोमीटरवर चालते. तिथे डोळ्यांना फार कमी दिसतं, त्यामुळे कॅमेरा असेल तरच तिचा विचार करा.

पावसाळ्यात चार महिने दुर्बीण बंदच राहील. दमटपणामुळे फिल्टरचे थर धुरकटतात, भिंगांवर बुरशी धरते. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर आधी फिल्टर उजेडात तपासा.

पैसे मोजण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. अशा मंडळींत विचारलं की वाट सापडते. डागांचं चालू चक्र २०२४ मध्ये शिखरावर पोहोचल्याचं जाहीर झालं. पुढे काही वर्षं डाग कमी होत जातील, पण ज्वाळा दिसत राहतील.

२२ जानेवारी १८९८ला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणं घेऊन गेले होते. खग्रास ग्रहणाच्या दोनएक मिनिटांत त्यांना किरीट (सूर्याभोवतीचं प्रभावलय) आणि वर्णगोल यांचा वर्णपट टिपायचा होता. त्याच वर्णगोलातल्या ज्वाळा आज निगडीतल्या एखाद्या कामगाराला, ग्रहणाची वाट न पाहता, पाळी सुटल्यावर चहा निवेपर्यंत निवांत पाहता येतात.