साथीचा वेग आणि बाजार उघडण्याची वेळ

साथीचा रोग आला म्हणजे बाजार बंद करणें त्या मानानें सोपें. बंद केलेला बाजार पुनः केव्हां व किती उघडावा, हें ठरविणें मात्र कठीण. आठवडाभर बाजार बंद राहिला तर शेतकऱ्याचा भाजीपाला बांधावर कुजतो. घाईनें उघडला तर रोग घरोघर शिरतो. या पेंचांतून वाट काढण्यास रोग्यांची एकूण संख्या पुरी पडत नाहीं. साथीचा वेग पाहावा लागतो. तो कसा मोजतात, हें आमच्या वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे असें आम्हांस वाटतें.

सन २०२० च्या करोनाच्या साथींत जर्मनींतील रॉबर्ट कोख संस्थेनें हा हिशेब नेटकेपणानें ठेविला. एका रोग्यापासून सरासरीनें किती नव्या माणसांस रोग लागतो, हा आंकडा ती प्रसिद्ध करीत असे. त्यास आपण साथीचा गुणक म्हणूं. गुणक एकाहून कमी असला तर साथ ओसरते; बरोबर एक असला तर आहे तेथेंच राहते; एकाहून थोडा जरी अधिक झाला तरी ती वाढूं लागते.

मोजण्याची रीत अवघड नाहीं. एकापासून दुसऱ्यास रोग लागण्यास सुमारें ४ दिवस लागतात, असें त्या संस्थेनें धरिलें होतें. म्हणून ४ दिवसांतील नव्या रोग्यांच्या संख्येस त्याच्या लगत मागील ४ दिवसांतील संख्येनें भागावयाचें. मागें १०० होते व आतां ११० झाले, तर गुणक १.१ आला.

एवढ्या दशांशानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. चक्रवाढ व्याजाचें कर्ज ज्यानें फेडिलें आहे, तो तसें म्हणणार नाहीं. ३२ दिवसांत अशा आठ पाळ्या होतात. पहिल्या ४ दिवसांत १०० नवे रोगी असले, तर ३२ दिवसांनंतर तेवढ्याच मुदतींत गुणक ०.९ असतां ४३, १.१ असतां २१४, १.२ असतां ४३० आणि १.३ असतां ८१६ नवे रोगी होतात. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनीं दि. १५ एप्रिल २०२० रोजीं लहान दुकानें उघडण्याचा निर्णय जाहीर करतांना लोकांस हेंच समजाविलें. गुणक १.१ झाला तर ऑक्टोबरांत, १.२ झाला तर जुलैंत आणि १.३ झाला तर जूनमध्येंच इस्पितळांची ताकद संपेल, असा त्यांचा हिशेब होता.

परंतु या गुणकाच्या दोन मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. एक, तो मागचा काळ दाखवितो. रोग लागणें, तो दिसून येणें आणि त्याची नोंद होणें यांत एक-दोन आठवडे निघून जातात. म्हणून आज बाजार उघडून उद्यां कांहीं झालें नाहीं एवढ्यावर निर्धास्त होऊं नये. एक वाट उघडावी, पंधरवडा पाहावें, मग दुसरी उघडावी.

दुसरी मर्यादा सरासरीची. गांवाची आणेवारी चांगली लागली तरी एखाद्याचें शेत बुडालेलें असूं शकतें, तसेंच येथें. जून २०२० मध्यें जर्मनींतील ग्युटर्सलो जिल्ह्यांत एका मोठ्या मांसाच्या कारखान्यांतील दीड हजारांहून अधिक कामगारांस रोग लागला. देशांत इतर ठिकाणीं रोगी थोडे असल्यामुळें या व अशा कांहीं स्थानिक उद्रेकांनीं साऱ्या देशाचा गुणक दि. २१ जून रोजीं २.८८ वर नेला. सरकारनें देश बंद केला नाहीं. ज्या भागांत रोग होता तेथेंच पुनः निर्बंध घातले. गुणकानें धोक्याची घंटा वाजविली, आणि गांववार नोंदीनें जागा दाखविली.

आपल्याकडेही हा धडा बाजारांनींच दिला. चेन्नईचा कोयंबेडू भाजीबाजार मे २०२० मध्यें बंद करावा लागला. तेथील मजुरांबरोबर रोग कडलूर, विळुपुरम वगैरे जिल्ह्यांत पोंचला. त्याच महिन्यांत वाशीचा घाऊक बाजारही आठवडाभर बंद राहिला. दोन्ही ठिकाणीं नुकसान शेवटीं माल पिकविणाऱ्यापर्यंत आलेंच.

सन २०२२ मध्यें लंपी रोगामुळें महाराष्ट्रांत गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हांही प्रश्न हाच होता. तो रोग मुख्यतः चावणाऱ्या माशा, डांस व गोचीड यांमुळें पसरतो आणि दिसून येण्यास अधिक दिवस घेतो. म्हणून ४ दिवसांचा हिशेब त्यास लावूं नये. तरीही प्रत्येक गांवानें नव्यानें आजारी पडलेल्या जनावरांची तारीखवार नोंद ठेवून या पंधरवड्याची मागील पंधरवड्याशीं तुलना केली, तर साथ चढते कीं उतरते, हें गांवास कळेल.

याकरितां वही व पेन्सिल यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. मात्र नोंद खरी पाहिजे. बाजार बंद होईल या भीतीनें आजारी जनावर लपविणारा शेतकरी अखेर बाजार अधिक दिवस बंद ठेवण्यासच कारण होतो, हें आमच्या बांधवांनीं विसरूं नये.