बुचाची मान

छत्रपती संभाजीनगरला लेथ नवा नाही. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, त्यामागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेड उभ्या राहिल्या. आयटीआयमधून ‘टर्नर’ होऊन निघालेल्या कितीतरी मुलांच्या हाताला वाळूज-चिकलठाण्यानं काम दिलं. पण हे सगळं लोखंडाचं. लाकूड कातणाऱ्याची पारख करायची असेल, तर त्याला बाटलीचं बूच करायला सांगावं. वस्तू बोटभर, हाताची चूक मात्र तिच्यात लपत नाही.

लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टात आवळलेलं असतं, किती सरकवायचं ते चकतीवरच्या रेघा सांगतात. लाकडाच्या लेथवर पटाशी हातात असते. ती टूल रेस्टवर टेकवायची, मूठ कमरेशी धरायची. धारेमागचा उतार आधी फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मूठ हळूच वर उचलायची. धार लागते आणि पातळ सालपट उलगडत येतं. घाई केली की पटाशी रुतते आणि ठोकळा चकमधून उडतो. विजेच्या आधी कातारी जोडीनं बसत. एक जण लाकडाला गुंडाळलेली दोरी आळीपाळीनं ओढी, दुसरा हत्यार धरी. लाकूड पुढेमागे फिरायचं, त्यामुळे काप फक्त हत्याराकडे येणाऱ्या फेऱ्यातच बसायचा. तशाही लेथवर गोटीसारखी गुळगुळीत वस्तू निघत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बुचाला साधारण दीड इंच जाड, अडीच-तीन इंच लांब ठोकळा लागतो. लाकडाचे तंतू लांबीत हवेत. शिसव उत्तम, बाभूळही चालते. डोकं हवं तसं कातावं: कळस, भोवरा, घुमट. तिथं हौस करायला वाव आहे. खरं काम मानेचं. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतं. मान टोकाशी त्याहून बारीक आणि डोक्याकडे किंचित जाड हवी, म्हणजे ती दाबली की घट्ट बसते. उतार जास्त झाला तर मान फक्त बाटलीच्या ओठाशी टेकते आणि धक्का लागताच बूच निघून येतं.

त्यात मराठवाड्याची हवा. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र आटतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेनं वलयांना काटकोनात आटतं त्याच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे आज गोल कातलेली ओल्या लाकडाची मान मे महिन्याच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात अंडाकृती होते, आणि काच तर गोलच. जाणता कातारी म्हणूनच दोनदा कातणी करतो. आधी अंगानं जाड ठेवून कातायचं, काही आठवडे सावलीत वाळू द्यायचं, मग शेवटचा हात फिरवायचा. हे थांबणं टाळलेलं बूच दुकानात चांगलं दिसतं आणि घरी गळतं.

दुसरी वाट म्हणजे डोकं लाकडाचं आणि मान कॉर्कची. डोक्यात तीन सुताचं भोक पाडून खुंटी बसवायची, तिच्यावर कॉर्क चिकटवायचा. कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक झाडाची साल. दर नऊ वर्षांनी ती सोलतात, तरी झाड जगतं. कॉर्क दाबला तरी बाजूला फारसा फुगत नाही आणि सोडला की पुन्हा काचेला भिडतो. पेय महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर हीच वाट बरी.

आपल्याकडे लाकूड कातून रंगवण्याची मोठी परंपरा सावंतवाडीत आहे. तिथल्या चितार आळीत हलक्या पांगाऱ्याची खेळणी आणि फळं होत आली. 1970च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफा (हातानं रंगवलेले खेळाचे पत्ते) आणि लाखकाम पुन्हा सुरू करून दिलं. फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि पसरते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. संभाजीनगरच्या टर्नरनं ही लाख जरूर शिकून घ्यावी. लेथ त्याला परका नाही, मनगट तेवढं नव्यानं घडवावं लागेल. फक्त लाख बुचाच्या डोक्यालाच लावावी. ती अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून मान कोरीच ठेवायची.