सिंदफणेचा काठ आणि दहा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस

माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. या खोऱ्यात नदीचे उभे कडे जागोजागी दिसतात. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे असलेला पिवळसर गाळ आणि तळाला चुन्याने कातळासारखी घट्ट झालेली खडी. एवढा गाळ साचला म्हणजे केवढे महापूर आले असतील, असे कुणालाही वाटेल.

घडले ते उलटेच. हिमयुगाच्या अखेरीस मोसमी पाऊस दुबळा झाला. उतारांवरची झाडोरा-गवताची पकड सैलावली, माती ओघळून नदीत आली. पण ती वाहून न्यायचा जोर नदीत उरला नव्हता. पात्र भरत गेले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा दणकून पडू लागला, तेव्हा नदीने स्वतःचाच गाळ कापला आणि हे कडे उभे राहिले. विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी 1987 मध्ये दख्खनच्या नद्यांचा हा इतिहास मांडला.

या बदलत्या काठांवर माणूस होताच. पैठणजवळच्या मुंगीला गोदावरीच्या जुन्या खडीत माणसाने फोडून काढलेला अकीकाचा छिलका सापडला तो 1860 च्या दशकात. नेवाशाजवळ चिर्कीला पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी उत्खननात काढलेली हातकुऱ्हाडींसारखी अवजारे त्याहून कितीतरी जुनी, काळ्या बेसॉल्टची, मुठीत मावतील न मावतील अशी. पुढे दगड बदलला. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटी, अकीक, जास्पर हाती आले आणि अवजार लहान होत शेवटी नखाएवढे झाले. अशी पाती ज्या दगडाच्या गाभ्यावरून काढली, तो हातात घेऊन फिरवा: शेजारी शेजारी अरुंद, सरळ पन्हाळ्या दिसतात. नदीत आपटून फुटलेल्या दगडावर त्या इतक्या शिस्तीत पडत नाहीत. ही पाती लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची. एक तुटले तर तेवढेच बदलायचे. मला ही युक्ती हातकुऱ्हाडीपेक्षा मोठी वाटते.

भोवतालचे प्राणीही आजचे नव्हते. बीड जिल्ह्यातच उगम पावणाऱ्या मांजरेच्या खोऱ्यात हत्ती आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. खानदेशात पाटण्याला तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षीदार तुकडा. पाणघोड्याला बारमाही डोह लागतो, शहामृगाला मोकळे माळरान. एकाच दख्खनमध्ये दोन्ही होते.

आता वाळूउपसा करणारे यंत्र खडीपर्यंत जाते. वाळूच्या ढिगात एखादे पाते सापडेलही. पण ते कोणत्या थरातले हे कळले नाही, तर त्याचे वय सांगता येत नाही.