दातांच्या तारेचा खुंटा

मुलीच्या दातांना तार लावायला गेलं की डॉक्टर कधी म्हणतात, "हाडात छोटा स्क्रू बसवावा लागेल." आईच्या पोटात गोळाच येतो. म्हणून आज हे समजून घेऊ.

पुढे आलेले दात मागे ओढायचे, तर ताण कशाला तरी बांधायला हवा. दाढेला बांधला, तर दाढच पुढे सरकते. म्हणून हिरडीतून हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवतात, जाडीला साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर. हाच खुंटा. जागा बधिर करून बसवतात आणि काम झालं की काढतात.

अडचण जागेची आहे. दोन दातांच्या मुळांमधली जागा अरुंद, आणि मुळं वरून दिसत नाहीत. स्क्रू मुळाला लागला तर इजा होऊ शकते. इथे संगणक मदत करतो. सीबीसीटी स्कॅनमध्ये हाड आणि मुळं सगळ्या बाजूंनी दिसतात. त्यावरून स्क्रूची जागा नि तिरपेपणा ठरवून साचा तयार करतात. साचा दातांवर बसवला की त्याच्या भोकातूनच स्क्रू जातो. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा अवजारावर लक्ष ठेवतो आणि पडद्यावर वाट दाखवतो. हात मात्र डॉक्टरांचाच.

प्रत्येकीला हे लागतंच असं नाही. खर्च वाढतो, स्कॅनमध्ये क्ष-किरणही असतात. म्हणून न लाजता विचारा: साध्या एक्स-रेवर भागेल का? स्क्रू सैल झाला तर पुन्हा पैसे पडतील का? गरोदर असाल तर आधीच सांगा.

घरी स्क्रूभोवती मऊ ब्रश फिरवा. मिश्री, तंबाखू बंद. हिरडी सुजली किंवा स्क्रू हलला, तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा.