झाकणाखाली काय चाललंय?

आज आम्ही दोघं मिळून रेडिओवर आलोय, कारभारी आणि कारभारीण. बोलणं दोघांचं आहे, म्हणून 'मी' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं, असं घरून ठरवून आलोय. एकाचं काही राहिलं तर दुसऱ्यानं सांगायचं.

विषय आहे आंबवण्याचा. दही, ताक, आंबील, इडलीचं पीठ हे आपल्या रोजच्या हाताखालचं. पण झाकण ठेवल्यावर आत काय चालतं, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळलं. ते कळायला उशीर झाला आणि घर थोडक्यात वाचलं. म्हणून तुमच्याशी बोलायचंय.

कारभाऱ्यांनी दारू सोडली त्याला येत्या पोळ्याला चार वर्षं होतील. गावाला माहीत आहे, तेव्हा रेडिओवर लपवून काय करायचं? दारू सोडणं एका दिवसात ठरतं, पण सुटलेली राखणं हे रोजचं काम. दिवस निघून जातो. वैरण, धारा, डेअरी, रानातली कामं. अडचण असते ती दिवेलागणीची. पूर्वी ज्या वेळेला पाय आपोआप गुत्त्याकडं वळायचे, ती वेळ खायला उठते. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं, "ती वेळ रिकामी ठेवू नका. हाताला काम द्या. आणि ते दोघांचं असेल तर फारच बरं."

काम सापडलं ते चुलीपाशीच. उन्हाळा होता, घरात ज्वारीची आंबील व्हायची. कारभारी म्हणाले, "आज पीठ मी भिजवतो." वाटीभर ज्वारीचं पीठ, त्यात ताक आणि पाणी घालून सरसरीत करायचं, झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाच-सहा वाट्या पाणी उकळायचं, त्यात हे भिजवलेलं पीठ ढवळत ढवळत सोडायचं, म्हणजे गुठळी होत नाही. चांगलं शिजलं की उतरवायचं. निवाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. पारावरच्या लोकांनी चेष्टा केली, "आता चूल पण तुझ्याकडं का?" कारभारी म्हणाले, "चुलीपुढं बसलो तर घरात असतो. पारावर बसलो तर कुठं जाईन सांगता येत नाही." पुन्हा कुणी बोललं नाही.

मग छंदच लागला. आम्ही एक वही केली. कोणत्या दिवशी काय भिजवलं, किती तासांनी फुगलं, ऊन कसं होतं, चव कशी लागली. पंचवीस वर्षांच्या संसारात एका वहीत दोघांचं अक्षर पहिल्यांदाच आलं. त्याआधी एका कागदावर दोघांच्या सह्या झाल्या होत्या त्या फक्त कर्जाच्या.

पुढच्या साली आमची भाची पुण्याहून आली. ती अन्नतंत्रज्ञान शिकते. तिनं आल्याचं फसफसतं पेय करायला शिकवलं. बरणीत दोन कप पाणी, चमचाभर किसलेलं आलं, चमचाभर साखर. वर फडकं बांधायचं. रोज त्यात चमचा चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. पाच-सहा दिवसांत बुडबुडे यायला लागतात. हे झालं विरजण. मग दोन लिटर आल्या-लिंबाचं सरबत करायचं, त्यात अर्धा कप विरजण गाळून घालायचं आणि बाटल्या भरून ठेवायच्या. दोन दिवसांत सोड्यासारखं फसफसतं. दोन दिवसांत प्यायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं, हेही ती सांगून गेली होती. पण आमच्याकडं फ्रीज नव्हता, आणि चार दिवस ठेवलं की चव जास्त झणझणीत लागायची. आम्ही चार दिवस ठेवायला लागलो.

सगळ्यांना आवडलं. गटाच्या बैठकीत बायकांनी दोन दोन ग्लास प्यायले. यात्रेत दहा रुपये ग्लासानं विकायचं ठरलं, गटातून आलं आणि साखर घ्यायला पैसेही निघाले. कारभारी रोज संध्याकाळी दोन ग्लास प्यायचे. आम्हाला वाटलं, बरं झालं, दारूच्या जागी आल्याचं सरबत आलं.

आणि एका रात्री बाटली फुटली. बाकीच्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या, त्यांची झाकणं आम्ही रोज सैल करायचो. एक काचेची होती, ती फळीवर मागं राहून गेली. बारा वाजता बार उडाल्यासारखा आवाज झाला. काचा भिंतीत रुतल्या होत्या. धाकटा मुलगा त्याच फळीखाली अंथरूण टाकतो. त्या रात्री उकडत होतं म्हणून तो अंगणात झोपला होता.

सकाळी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामी, किती दिवस ठेवली होती? साखर किती खाल्ली गेली ते मोजलं का?" आम्ही म्हणालो, "साखर आम्ही घातली, खाल्ली कुणी?" तिथून आमची शाळा सुरू झाली.

तर ऐका. आंबवण्यात न दिसणारे दोन प्रकारचे कामकरी असतात. पहिले जिवाणू. विरजणातले हे जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल करतात, म्हणून दही आंबट होतं आणि घट्ट बसतं. आंबिलीत रात्रभरात मुख्यतः यांचंच काम चालतं. दुसरा कामकरी म्हणजे यीस्ट. पाव फुगतो तो याच्यामुळं. फळांच्या सालीवर, आल्यावर, मोहाच्या फुलावर, ताडी-माडीच्या रसात ते आपसूक असतं. ते साखर खातं आणि दोन गोष्टी करतं, एक वायू आणि दुसरी दारू. आंबणं हे या सजीवांचं काम आहे हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी प्रयोग करून दाखवलं. दुधातल्या आंबण्यावरचा त्यांचा निबंध १८५७ सालचा आहे. त्याआधी हजारो वर्षं बाया हे काम हातानं करत होत्या. इंग्लंडात तर बिअर ही शेकडो वर्षं घरच्या बाईनंच करायची गोष्ट होती.

यीस्टनं १०० ग्रॅम साखर पूर्ण खाल्ली, तर साधारण निम्मा वायू होतो आणि निम्मी दारू. आता आमचा हिशेब करा. दोन लिटरमध्ये २०० ग्रॅम साखर. सगळी खाल्ली गेली तर जवळजवळ १०० ग्रॅम दारू. म्हणजे आल्याचं सरबत म्हणून ठेवलेलं पेय बिअरच्या जवळपास जाऊन बसेल. बाटली फुटली ती वायूनं. वायू ऐकू आला. दारूचा मात्र आवाज होत नाही.

रविवारी भाची एक काचेची नळी घेऊन आली. डेअरीत दुधाची डिग्री बघायला लॅक्टोमीटर सोडतात ना, त्याचाच हा भाऊ, हायड्रोमीटर. साखर असली की पाणी जड होतं आणि नळी वर तरंगते. साखर खाल्ली गेली की नळी खाली उतरते. परदेशात घरी बिअर करणं हा रीतसर छंद आहे, नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी मिळून करतात. इंग्लंडात १९६३ सालापासून त्याला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा झाला. ती मंडळी याच नळीनं मोजतात. पहिल्या दिवसाचा आकडा लिहायचा, नंतरचा लिहायचा. आठ अंक उतरले, की शंभर भागांत अंदाजे एक भाग दारू झाली असं समजायचं. मोजण्याआधी पेय ढवळून बुडबुडे घालवायचे, नाहीतर नळी उचलली जाते.

नवं सरबत केलं त्या दिवशी आकडा होता ३८. चौथ्या दिवशी २४. चौदा अंक उतरले होते. भाचीनं कागदावर मांडलं, शंभरात पावणेदोन भाग. २०० मिलिलिटरचे दोन ग्लास घेतले, तर विकतच्या दारूच्या ३० मिलिलिटरच्या पेगात असते त्याच्या निम्म्याहून जास्त दारू पोटात जाते.

कारभाऱ्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. रात्री जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "अगं, महिनाभर मला पुन्हा तहान लागत होती. जुनी तहान. दोनाचे तीन ग्लास करावेसे वाटायचे. म्हटलं, तुला सांगितलं तर तू घाबरशील." कारभारीण म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री कूस बदलत होता ते मी बघत होते. विचारलं तर तुम्हाला संशय घेतल्यासारखं वाटेल, म्हणून गप्प राहिले." दोघंही एकमेकांना जपत होतो आणि मधे बरणी फसफसत होती.

दुसऱ्या दिवशी ताईंकडं गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम प्यायला नाहीत. पण ज्यानं सोडली त्याला थोडी आणि जास्त असा फरक करता येत नाही. तहान लागली की त्याच दिवशी सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं घाबरायचं नाही." आम्ही आल्याचं विरजण शेणखताच्या खड्ड्यात ओतलं. वहीत तारीख घालून लिहिलं, 'बंद'.

गटात सांगणं जास्त अवघड गेलं. पैसे गुंतले होते. एक मैत्रीण म्हणाली, "एवढ्याशानं काय होतंय?" दुसरी म्हणाली, "उकळून घेऊ, उडून जाईल." तर उकळली की सगळी दारू लगेच उडते, हा समज खरा नाही. काही वेळ उकळूनही थोडी राहतेच. आणि यात्रेत ग्लास कोण उचलणार? पोरं उचलणार, पोटुशी सून उचलणार, आणि गावातला आणखी कुणी नुकती सोडलेला माणूस उचलणार. त्याला कोण सांगणार? शिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. परवान्याशिवाय दारू करणं आणि विकणं हा गुन्हा आहे. ज्या गटानं गुत्ता बंद करायला मोर्चा नेला, त्याच गटाच्या टेबलावर हे नको, यावर शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. यात्रेत आम्ही आंबील आणि ताजं आलं-लिंबाचं सरबत विकलं. फसफस नव्हती, पण हंडे रिकामे झाले.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरात कुणी दारू सोडली असेल, तर साखर किंवा गूळ घालून दिवसेंदिवस आंबवलेलं कोणतंही पेय घरात ठेवू नका, मग ते कितीही गावठी किंवा औषधी म्हणून येवो. आंबील रात्रभरच आंबवा, सकाळी चांगली शिजवा आणि त्याच दिवशी संपवा. फसफसणारी वस्तू काचेच्या बंद बाटलीत कधीच भरू नका. फ्रीजमध्ये ठेवलं तरी यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं, म्हणून फ्रीजवरही विसंबू नका.

हातभट्टीबद्दलही एक सांगतो. भट्टीची दारू विषारी होते ती बहुतेक वेळा जास्त आंबवल्यामुळं नाही. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल तिच्यात मिसळलं जातं, त्यानं माणसं मरतात, वाचली तर आंधळी होतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशा दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. रंगावरून, वासावरून ते ओळखता येत नाही. पिणाऱ्याला अंधुक दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, तर उतरायची वाट बघू नका, तडक दवाखान्यात न्या.

आमचा छंद मात्र सुटलेला नाही. संध्याकाळी सहाला कारभारी पीठ भिजवतात, कारभारीण वही लिहिते. येळवशीला लातूर-धाराशिवकडं रानात आंबिलीचा मान असतो, तशी आंबील एकदा करून बघितली, जमली. वहीत आता एक रकाना वाढवलाय. तारीख, पीठ, ताक, ऊन यांच्या पुढं लिहिलंय, 'तहान'. त्या रकान्यात कारभारी स्वतः लिहितात, 'नाही' किंवा 'होती, सांगितलं'. गेल्या महिन्यात दोनदा 'होती, सांगितलं' असं आलं. त्या दोन्ही दिवशी आम्ही जेवण झाल्यावर ओढ्यापर्यंत चालून आलो.

तुमच्या घरी आज कशावर झाकण ठेवलंय, ते एकदा उघडून बघा. आणि आंबील केली तर ताक निवाल्यावरच घाला, गरम असताना घातलं तर फाटतं. येतो आम्ही. नमस्कार.